तेविसाव्या किलोमीटरचा ठोका

आडबंदरच्या लोकांनी ती तार पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाक मुरडले होते. एवढा गाजावाजा करून परदेशी जहाज आले, किनाऱ्यावर आठवडाभर खणाखणी झाली, मंत्र्यांनी नारळ फोडला, आणि समुद्रातून वर काय निघाले, तर मनगटाएवढी काळी दोरी. "हेच्यापेक्षा आमच्या नांगराचो दोर जाड आसा," असे महादेव मेथर सर्वांदेखत बोलून गेले आणि खुद्द मंत्र्यांनाही हसू आवरले नाही.

त्याच महादेवांची एकुलती एक मुलगी शलाका पुढे त्या तारेच्या केंद्रात नोकरीला लागली. किनाऱ्यावर उंडीच्या झाडांमागे केंद्राची बसकी पांढरी इमारत होती. दिवसभर ती तिथे बसून समुद्र ऐकायची. हे काम आहे असे महादेवांना कधीच पटले नाही. समुद्र ऐकायला पगार कशाला लागतो, असे त्यांचे म्हणणे.

तार आडबंदरपासून थेट आफ्रिकेत मोंबासापर्यंत गेली होती, चार हजार चारशे किलोमीटर. तिच्या पोटात केसासारखे बारीक काचेचे धागे होते आणि त्यांतून अर्ध्या देशाच्या गप्पा, सिनेमे आणि भांडणे धावत. पण हावलिड या नॉर्वेच्या कंपनीने एक धागा मुद्दाम रिकामा ठेवला होता. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीकसारीक दोष राहतातच. अशा धाग्यातून लेझरचा झोत सोडला की प्रत्येक दोषापाशी त्यातला कणभर प्रकाश मागे फिरतो. धागा स्वस्थ असला तर परतणारा प्रकाश दर वेळी सारखाच येतो. पण तळाशी एखादा मासा नुसता घुमला, तरी त्या आवाजाने धागा किंचित ताणला जातो. किती, तर केसाच्या जाडीच्या लाखाव्या हिश्श्याइतका. तेवढ्यानेही परतणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. प्रकाश किती वेळाने परतला यावरून जागा कळते आणि लय कशी बदलली यावरून आवाज.

पूर्वी ही युक्ती किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरपर्यंतच चाले, कारण प्रकाश वाढवण्यासाठी तारेवर बसवलेले डबे मागे फिरणारा प्रकाश अडवून धरत. हावलिडच्या मंडळींनी तो शेजारच्या धाग्यातून घरी आणायची सोय केली. दर दहा मीटरला एक, असे चार लाख चाळीस हजार कान समुद्राच्या तळाशी एकदम उघडले. आणि कंपनीने ते सगळ्या जगासाठी खुले ठेवले. 'सागरकान' या संकेतस्थळावर जाऊन कुणीही, कुठूनही, हव्या त्या किलोमीटरवर कान ठेवू शकत होते.

पहिल्या वर्षी शलाकाने जे ऐकले, ते आठवले की आजही तिच्या अंगावर काटा येतो. निळ्या देवमाशाचे गाणे माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतके खर्जातले असते. ते दहापट वेगाने वाजवले तेव्हा शाळेच्या सभागृहात सारे गाव चिडीचूप झाले. गाणारा मासा सहाशे किलोमीटरवर होता आणि ऐकणाऱ्यांमध्ये ज्यांचे उभे आयुष्य समुद्रावर गेले असे म्हातारे होते, त्यांतल्या दोघांनी नकळत हात जोडले. भरतीचे पाणी चढताना साऱ्या तळाने कण्हावे तसे ऐकू येई. चटचटी कोळंबी कढईत फोडणी पडल्यासारखी वाजे. आणि या सगळ्यात होड्यांची इंजिनेही ऐकू येत. कुणाची होडी कुठे आहे हे घरच्या बायका फोनवर पाहत आणि त्या हिशेबाने भात चढवत.

"बाबा, तेविसाव्या किलोमीटरवर काय सापडलं माहीत आहे?" एकदा ती धावतच घरी आली होती. "घोळ! तळाच्या खडकावर शेकडो घोळ मासे जमतात नि ढोल वाजवल्यासारखे घुमतात. कंपनीने माझ्या नावाने नोंद केलीये."

महादेव जाळे सांधत होते. त्यांनी मानही वर केली नाही. "माझ्या आज्याचो खडप तो. तुझ्या काचेच्या तारेन आता शोधल्यान काय?"

"पण तुम्हाला कसं कळतं?"

उत्तरादाखल त्यांनी कोपऱ्यातल्या वल्ह्याकडे बोट दाखवले. वल्ह्याचे पाते पाण्यात उभे बुडवायचे आणि दांड्याच्या टोकाला कान लावायचा, ही मेथरांच्या घरची जुनी रीत. आणि ऐकण्याची जशी रीत, तशी वाजवण्याचीही. बोय मासा जाळ्याकडे हाकायचा म्हणजे होडीच्या फळीवर वल्ह्याने ठोके द्यायचे. आडबंदरात प्रत्येक घराचा ठोका वेगळा. तारी घराण्याचा तीन-तीन, मेथरांचा दोन-एक-दोन. धुक्यात कोण कुठे आहे हे त्यावरून कळे. ठोका बापाकडून मुलाकडे जाई. महादेवांना मुलगा नव्हता, त्यामुळे त्यांच्यामागे तो थांबणार हे सगळ्यांनी न बोलता धरून चाललेले होते. शलाकानेसुद्धा.

चौथ्या वर्षी कुठल्याशा दूरच्या देशातल्या एका विद्यार्थ्याने गंमत म्हणून सागरकानवरचे आवाज जोडून एका पाणबुडीचा सबंध मार्ग नकाशावर काढून दाखवला. सरकारचे धाबे दणाणले, आणि ते रास्तच होते. पाणबुडीची सारी मदार कुणाला ऐकू न जाण्यावर. बहात्तर तासांच्या आत सागरकान बंद करा, नाहीतर तारेचा परवाना रद्द, असा आदेश निघाला.

हावलिडच्या प्रमुख इंग्रिड बाईंनी पडद्यावरून सगळ्या केंद्रांची बैठक घेतली. त्यांचे बोलणे भाषांतरयंत्रातून मराठीत येत होते, पण चेहऱ्यावरचा थकवा भाषांतराशिवाय कळत होता.

"असा आदेश आम्हाला हा पाचवा," त्या म्हणाल्या. "एका देशात आम्ही ठाम नकार दिला. तत्त्व जिंकलं, आणि तिथली तार आज मुकी पडून आहे. तिथल्या कोळ्यांना काहीच ऐकू येत नाही. म्हणून इथे आम्ही तडजोड केली आहे. आवाज चाळून द्यायचा. चाळलेला समुद्र मुक्या समुद्रापेक्षा बरा, असं आम्ही ठरवलं. बरोबर ठरवलं की नाही, मला माहीत नाही."

ही चाळणी म्हणजे एक शिकणारे यंत्र होते. केंद्रात ते मोहोरबंद पेटीत बसणार, किल्ली दिल्लीला. तारेतून आलेला आवाज आधी पेटीत जाईल, तिथून चाळून बाहेर पडेल, आणि मूळ आवाज कंपनीच्या माणसालाही मिळणार नाही. पण यंत्राला आधी शिकवावे लागते, आणि त्यासाठी समुद्र ओळखणारे माणूस हवे. ते काम शलाकाकडे आले. एकेक आवाज ऐकायचा आणि तीनपैकी एक कळ दाबायची: समुद्र, यंत्र, माणूस. समुद्र राहणार, बाकीचे दोन पुसले जाणार. नुसती शांतता राहिली तर ऐकणाऱ्याला संशय येईल, म्हणून पुसलेल्या जागी आजूबाजूच्या पाण्याची गाज भरायची. हे यंत्र इतके सफाईने करी की शलाका थक्क झाली. भर समुद्रातून शंभर होड्या नाहीशा व्हायच्या आणि पाण्यावर ओरखडाही दिसायचा नाही.

एकेचाळीस दिवसांत तिने साठ हजार आवाज निवडले. प्रत्येक आवाजापुढे तिची डिजिटल सही पडे. उद्या चूक निघाली तर जबाबदार कोण, हे सरकारला माहीत हवे होते. शिवाय तिने एका कागदावर लिहून दिले की आवाज पुसले जातात ही गोष्ट ती कुणालाही सांगणार नाही. घरच्यांनाही नाही.

गावाला वाटले, तार बिघडली. "हल्ली तुमची तार होड्ये दाखवणा नाय गो," मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष प्रभाकर तारी भेटले की म्हणायचे. "बघते, काका," एवढे बोलून शलाका वाट बदले. महादेव मात्र कुणाचे ऐकत नसत. तारेची चेष्टा करायचा हक्क फक्त त्यांचा होता. "तार ऐकता," ते म्हणायचे. "तुमका दिसणा नाय म्हणान तिका आयकाक येणा नाय असा थोडाच आसा?"

जानेवारीत नौदलाचा सराव सुरू झाला. पाच दिवस किनाऱ्यालगतचे फोन आणि इंटरनेट बंद राहणार होते. गावासाठी फक्त तारेच्या केंद्रातली एक जोडणी चालू ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे महादेव एकटेच छोट्या होडीतून बोय मारायला गेले. आठला परतायचे, ते अकरा वाजले तरी आले नव्हते. समुद्रावर दाट धुके आणि मतलई वारा, म्हणजे किनाऱ्यावरून समुद्राकडे ढकलणारा. इंजिन बंद पडले असले तर होडी तासातासाला आत जाणार. आतमध्ये सरावाचा पट्टा, आणि तिथे दुपारी तीन वाजता तोफा सुरू होणार होत्या.

तारी काका केंद्राच्या दारात येऊन उभे राहिले. "आठ होड्ये काढलंव. पण जावचा खय? धुक्यात सगळो समुद्र सारखोच. तार काय सांगता?"

शलाकाने सागरकान उघडले. होडी नव्हतीच त्यात, कसलीच होडी नव्हती. शंभर किलोमीटरभर नुसते स्वच्छ, सुंदर, निर्मनुष्य पाणी. ते तसे दिसावे म्हणून तिनेच एकेचाळीस दिवस कष्ट घेतले होते.

शेजारच्या खोलीत पेटीवर देखरेखीला यशोधन राजाध्यक्ष नावाचे अधिकारी बसत. ध्वनी नियंत्रण कक्षाचे, वयाने पन्नाशीचे, बोलायला मऊ. ती त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"साहेब, पेटी उघडा. एक तासाचा मूळ आवाज द्या. माझे वडील आहेत."

राजाध्यक्षांनी तिच्यादेखतच दिल्लीला फोन लावला. तिकडून आले ते ऐकताना त्यांचा चेहरा उतरत गेला. "अर्ज पाठवा म्हणतात. सराव थांबवायचा तर होडी नक्की कुठे आहे ते सांगा, आणि पेटीच्या निर्णयाला सहा तास तरी लागतील. किल्ली माझ्याकडे नाही, शलाकाबाई. असती तर..."

सहा तास म्हणजे पाच वाजणार. तोफा तीनला.

ती पुन्हा जागेवर बसली आणि आवाज मोठा केला. दुसरे काही करण्यासारखे नव्हते म्हणून ती जिवाचे कान करून ऐकत राहिली. पाचवा किलोमीटर, दहावा, पंधरावा. कोळंबीची चटचट, वाळूची सरसर. मनात एकच: बाबांना मी सांगितलेसुद्धा नाही. तार ऐकते असे ते समजून बसलेत आणि तिला बहिरी मीच केली.

बारा वाजून चाळीस मिनिटांनी ती तेविसाव्या किलोमीटरवर पोचली. घोळ घुमत होते, नेहमीसारखे, पोटातून. आणि त्यांच्या घुमण्याच्या मधून, लांबून पण अगदी स्पष्ट:

ठक-ठक. ठक. ठक-ठक.

तिने आवाज आणखी वाढवला. पुन्हा आले. दोन-एक-दोन.

"काका!" ती इतक्या जोरात ओरडली की राजाध्यक्षही धावत आले. "घोळीच्या खडपावर! बाबा घोळीच्या खडपावर आहेत!"

तारी काकांनी क्षणभर तो ठोका ऐकला. डोळ्यांत पाणी आले तसे ते वळले आणि धोतराचा सोगा धरून किनाऱ्याकडे पळत सुटले. खोलीत दोघेच उरले. राजाध्यक्ष टेबलाला धरून उभे होते, ऐकत. शंभर बोटींची इंजिने गिळून ढेकर न देणाऱ्या त्या यंत्राने एका म्हाताऱ्याचे लाकडावर लाकूड आपटणे जसेच्या तसे बाहेर सोडले होते.

"हा माणसाचा आवाज आहे," ते हळूच म्हणाले. "हा कसा आला?"

शलाकाला त्याच क्षणी आठवले. अठ्ठाविसाव्या की एकोणतिसाव्या दिवशी असे ठोके तिच्यापुढे आले होते. तारींचे, मेथरांचे, कुणाकुणाचे. आणि तिचा हात आपसूक 'समुद्र' या कळेवर पडला होता. तिने विचारही केला नव्हता.

होड्यांनी महादेवांना दोन वाजता खडपावर गाठले आणि संध्याकाळी होडीसकट ओढून किनाऱ्याला आणले. इंजिनाचा पंखा तुटला होता, ओठ फुटले होते, पण तोंड शाबूत होते. शलाकाने गळ्यात पडून रडायला सुरुवात केली तसे तिला थोपटत म्हणाले, "रडतंस कित्याक गो, चेडवा? तूच सांगलंलंस, घोळ वाजतत थय तार गेली. धुक्यात डोळे काय कामाचे? वल्ह्याक कान लावलंय, घोळीच्या आवाजामागे वल्हवत गेलंय आणि ठोकत बसलंय. माका ठावक होता, तार आयकतली."

त्यांच्या त्या विश्वासापुढे तिला तोंड वर करवेना.

तीन दिवसांनी, सराव संपल्यावर, राजाध्यक्षांनी तिला बोलावले. समोर एक पान होते. आवाज क्रमांक, त्यापुढे तिची सही, आणि खाली रिकामी चौकट: दुरुस्ती.

"चूक कुणाच्याही हातून होते," ते म्हणाले. "'समुद्र' खोडून 'माणूस' करा, सही करा, विषय संपला. पण ठोके राहिले, तर उद्या कुणी त्यांतून निरोप धाडेल. दिल्लीला तेच भय आहे."

"आणि नाही केली तर?"

"ज्याने नोंद केली त्यानेच ती बदलायची, असा नियम. तुम्ही नकार दिलात तर तुमच्या सगळ्या साठ हजार नोंदी बाद. नवी माणसं आणून यंत्र पहिल्यापासून शिकवावं लागेल. माणसं निवडण्यापासून मंजुरीपर्यंत आठ महिने. तोवर ही चाळणी अशीच चालेल. तुमची नोकरी मात्र आजच जाईल. पुढे चौकशीही होऊ शकते." त्यांनी चष्मा काढला. "मला एक सांगा. तुम्ही इतक्या हुशार. मग याला समुद्र का म्हणालात?"

शलाकाने ते पान आपल्याकडे ओढले.

"शाळेत समुद्राचं चित्र काढायला सांगितलं की आम्ही होडी काढायचोच," ती म्हणाली. "होडीशिवाय समुद्र कसा असतो ते मला माहीतच नव्हतं, साहेब. मला एक तास द्या."

महादेव किनाऱ्यावर नवा पंखा बसवत होते. तिने त्यांना सगळे सांगितले. चाळणी, पेटी, कागदावरची सही, सगळे. लिहून दिलेला शब्द मोडला हे तिला कळत होते, पण आता तिला ते ओझे पेलवत नव्हते. ते ऐकत राहिले. पान्हा वाळूत पडला तो त्यांनी उचलला नाही.

"म्हणजे माझा इंजिन चालू आसता, तर मी तिका आयकाक येवचंय नाय?"

"नाही, बाबा."

"आणि ठोको तेवडो इलो." ते समुद्राकडे पाहत राहिले. मग विचारले, "तू तेव्हा खोटा लिवलंलंस काय?"

"नाही. मला तो समुद्राचाच वाटला."

"आणि आता?"

तिने वाळूतला पान्हा उचलून त्यांच्या हातात दिला. उत्तर दोघांनाही ठाऊक होते.

केंद्रात परत जाऊन तिने दुरुस्तीच्या चौकटीत लिहिले: 'समुद्र.' खाली सही केली आणि गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा काढून टेबलावर ठेवला. राजाध्यक्षांनी ते पान दोनदा वाचले.

"आठ महिन्यांनी येणारी माणसं इथली नसतील," ते म्हणाले.

"माहीत आहे. मी त्यांना ऐकायला शिकवीन. आली तर." ती दारापर्यंत गेली आणि थांबली. "तुम्हीसुद्धा या, साहेब. होडीत जागा आहे."

त्याच दिवशी चार वाजता, ऊन कलत असताना, बापलेक खडपावर पोचले. महादेवांनी इंजिन बंद केले. होडी पाण्यावर हलकेच डुलत राहिली. त्यांनी वल्हे पाण्यात उभे बुडवले आणि दांडा तिच्याकडे केला. इतकी वर्षे चार लाख चाळीस हजार कानांनी ऐकत आलेल्या शलाकाने आयुष्यात पहिल्यांदा लाकडाला कान लावला.

घोळ घुमत होते. काचेतून येई तसेच, पण इथे ते दाढेत, कवटीत, छातीत येत होते. तिच्या खाली, तळाशी, ती काळी दोरी पडलेली होती, आणि तिच्यातून हा आवाज या क्षणी मोंबासाला, नॉर्वेला, कुठल्याशा विद्यार्थ्याच्या खोलीत पोचत होता. एवढ्या अफाट गोष्टीत आपण केवढेसे आहोत, असे वाटून तिला भीती वाटायला हवी होती. पण तिला फार आनंद झाला.

मग घोळींच्या पलीकडून काहीतरी आले. ठक-ठक-ठक. ठक-ठक-ठक.

"तारी काका," ती म्हणाली.

"वायच थांब," महादेव म्हणाले.

आणखी एक आला, चार-एक. तो आडबंदरचा नव्हता. त्याच्याही पलीकडून एक, इतका पुसट की आहे की नाही कळू नये. कुठल्या गावचा, तिला सांगता येईना. बातमी किनाऱ्याने फिरली होती. इंजिन नाही, पण ठोका तारेला ऐकू जातो हे होड्याहोड्यांना कळले होते, आणि सारा किनारा आपापल्या घराचा ठोका समुद्राला ऐकवत होता.

महादेवांनी वल्हे वर काढले, पाणी निथळू दिले आणि तिच्या हातात दिले.

"बाबा, हा तर मुलाकडे..."

"सरकारच्या कागदार तुझ्या नावान लिवलेलो आसा," ते म्हणाले. "सही तुझी. मगे वाजय."

शलाकाने दोन्ही हातांनी वल्हे धरले, आणि फळीवर ठोका दिला. दोन. एक. दोन.